तेलाच्या गॅसचा जमाखर्च



आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक चित्र फिरत होतं. कदाचित तुमच्याकडेही आलं असेल. सुटाबुटातले आणि झगे घातलेले देवमासे एका मोठ्या दालनात मेजवानी करताहेत. खाली कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, की रॉकेल सापडलं आणि देवमासे वाचले, म्हणजे विज्ञान हीच खरी अहिंसा. त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

चित्र खरं आहे. न्यूयॉर्कमधल्या 'व्हॅनिटी फेअर' नावाच्या साप्ताहिकात ते १८६१ साली छापून आलं होतं. पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाच्या विहिरी लागल्या म्हणून देवमाशांनी आनंदाने मेजवानी दिली, अशी त्यातली गंमत. गंमत म्हणून ते मलाही आवडलं. पण खालचं वाक्य काही पटेना. मी कॉमर्सची पदवीधर. जमेची बाजू मोठ्या अक्षरात लिहून खर्चाची बाजू कोरी ठेवली, तर तो ताळेबंद नव्हे, जाहिरात झाली, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणून हा हिशेब जरा मागून, रॉकेलच्याही चाळीसेक वर्षं आधीपासून मांडते. तिथे एक विसरलेली गोष्ट आहे, घरात उजेड पाडण्यासाठी तेलाचा गॅस करण्याची.

आपल्याला तेल जाळणं माहीत आहे. समई, निरांजन, पणती, कंदील. वात तेल ओढते आणि ज्योत लागते. पण तेलाचा आधी गॅस करायचा, तो साठवायचा आणि नळीतून खोलीखोलीत न्यायचा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आली. लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे नुकतेच लागू लागले होते. त्यासाठीची पहिली कंपनी १८१२ सालची. कोळशाचा गॅस स्वस्त होता, पण त्यात गंधकाचा अंश. नीट शुद्ध केला नाही तर घाण वास यायचा आणि घरातली चांदीची भांडी काळी पडायची. बैठकीच्या खोलीत तो घ्यायला लोक कचरत. अशा वेळी, १८१५ साली, जॉन टेलर यांनी तेलापासून आणि चरबीपासून दिव्याचा गॅस करण्याचं पेटंट घेतलं.

ही रीत समजायला अवघड नाही. फोडणीचं तेल गॅसवर विसरलं की काय होतं? आधी धूर येतो, मग डोळ्यांना झोंबणारी वाफ, आणि आणखी तापलं तर भडका. भडका उडतो तो हवेमुळे. आता असं समजा, की लोखंडाचं एक बंद भांडं आहे, त्याला ते रिटॉर्ट म्हणत. ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवलंय, आत कोकचे किंवा विटेचे तुकडे भरलेत, आणि वरून तेलाची बारीक धार सोडलीय. आत हवा नाही, म्हणून तेल पेटत नाही. त्या लाल तुकड्यांना लागून ते फुटतं आणि त्याचा गॅस होतो. हा गॅस थंड नळीतून नेला की न फुटलेलं तेल खाली बसतं, ते परत वापरता येतं. मग गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी जाऊ द्यायचा आणि पाण्याच्या हौदात उपड्या ठेवलेल्या मोठ्या टाकीत साठवायचा. आपल्या गावाकडे गोबरगॅसची तरंगती टाकी पाहिली असेल, तसंच. गॅस आला की टाकी वर उचलली जाते, आणि तिच्याच वजनाने गॅस नळीत ढकलला जातो.

यातही हात बसावा लागे. भांडं कमी तापलं तर तेलाची नुसती वाफ होऊन पुढे ती थंड होताच पुन्हा तेल. जास्त तापलं तर आत काजळी धरायची आणि गॅसचा उजेड कमी व्हायचा. नीट जमलं तर एका गॅलनला, म्हणजे त्या वेळच्या मापाने सुमारे पावणेचार लिटर तेलाला, ९० ते १०० घनफूट गॅस मिळे. तोही असा दाट, की तेवढ्याच कोळशाच्या गॅसच्या दुपटीहून जास्त उजेड पडतो, असं त्याचे पुरस्कर्ते सांगत. काही जण तर साडेतीनपट म्हणत. तेव्हा दिव्याला जाळीचा मँटल नव्हता. ज्योतीतले कोळशाचे सूक्ष्म कण तापून पिवळे होत, तोच उजेड. म्हणून गॅसच्या दाटपणाला फार मोल. शिवाय तेलात गंधक नगण्य, त्यामुळे चुन्यातून शुद्ध करायची कटकट नाही, वास नाही, चांदी काळी पडत नाही. आणि यंत्र एवढं आटोपशीर, की एखाद्या मोठ्या घराच्या मागच्या अंगणात बसावं.

तसं ते बसलंही. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या ॲबट्सफर्डच्या घरात १८२३ च्या सुमारास तेलाच्या गॅसचे दिवे लावून घेतले. एवढंच नाही, एडिनबरोत तेलाच्या गॅसची कंपनी निघाली तिचे ते अध्यक्षही झाले. त्यांचे जावई लॉकहार्ट यांनी पुढे सासऱ्यांचं चरित्र लिहिलं. त्यात या दिव्यांचं वर्णन आहे. जेवायला बसलेल्यांच्या डोक्यावर आधी बारीकसा लाल ठिपका, आणि खटका फिरवताच सगळी खोली लखलखीत. जावईबापूंचं मत मात्र असं, की जुने दिवेच बरे होते. या उजेडात दागिने चमकत, पण माणसांचे चेहरे फिके दिसत आणि डोळे शिणत. हे वाचून मला आमच्या सभागृहातल्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांची आठवण झाली.

ज्यांच्याकडे अंगणात यंत्र ठेवायला जागा नाही, त्यांच्यासाठीही सोय निघाली. डेव्हिड गॉर्डन यांनी १८१९ साली गॅस दाबून भांड्यात भरण्याचं पेटंट घेतलं. लंडनमध्ये एक कंपनी तेलाचा गॅस हवेच्या दाबाच्या तीसपट दाबाने धातूच्या भांड्यांत भरून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवू लागली. म्हणजे आपल्या सिलिंडरचा हा पणजोबाच. गॅस दाबताना तळाशी एक पातळ द्रव उरायचा, हजार घनफुटाला जवळजवळ एक गॅलन. तो तपासताना मायकेल फॅरडे यांना १८२५ साली बेंझीन सापडलं. पुढे रंग, औषधं, प्लास्टिक अशा कितीतरी उद्योगांचा पाया या एका पदार्थावर उभा राहिला.

इथवर जमेची बाजू झाली. स्वच्छ, बिनवासाचा, झगझगीत उजेड. आता मला सांगा, त्या रिटॉर्टमध्ये पडणारी तेलाची धार कुठून येत होती?

बहुतेक ठिकाणी ती देवमाशाची होती. त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तो कापून, कढवून तेल काढत. उत्तम प्रतीचं तेल दिव्यात जळे. पण हलकं, काळपट, कुबट तेल दिव्यात चालत नसे, वात धरायची आणि घरभर वास. या नव्या शोधाची खरी मेख इथे होती. दिव्यात न चालणारं हे तेलही रिटॉर्टमध्ये चालत होतं, आणि त्याचा वास भट्टीतच राहायचा. हल हे देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर, तिथे तेलाच्या गॅसचा कारखाना निघाला. लिव्हरपूल, ब्रिस्टल, डब्लिन इथेही निघाले. कोळशाच्या गॅसमुळे शिकारीचा धंदा बसेल आणि खलाशांची रोजीरोटी जाईल, म्हणून तेलाच्या गॅसला पाठिंबा द्या, असा प्रचार उघडपणे झाला.

ज्या देवमाशाच्या मागे ही जहाजं ग्रीनलंडच्या बर्फात जात, तो बोहेड जातीचा. मासा म्हणतो खरं, पण तो पाच इंद्रियांचा, गरम रक्ताचा, पिल्लाला अंगावर पाजणारा जीव आहे. दोनशे वर्षांहून जास्त जगू शकतो. २००७ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ मारलेल्या एका बोहेडच्या अंगात एकोणिसाव्या शतकातल्या भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला, शंभरहून जास्त वर्षं तो घेऊनच पोहत होता. आणि माणसंही काही सुखात नव्हती. १८३० च्या एकाच हंगामात ग्रीनलंडजवळच्या बर्फात १९ ब्रिटिश जहाजं चिरडून गेली.

आपल्याकडे पापाचे तीन प्रकार शिकवतात, कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान दिलेला. समईत तेल ओतणाऱ्या बाईला निदान ते तेल दिसतं. हातावर चिकटतं, वासावरून कसलं ते कळतं. एडिनबरोच्या बंगल्यातल्या बाईला फक्त खटका दिसत होता. कृत तिचं नव्हतं. पण कारित आणि अनुमोदना? वस्तू जितकी स्वच्छ होऊन घरात येते, तितका प्रश्न विचारायचं आपण विसरतो. तेलाच्या गॅसने देवमाशाचा वास घराबाहेर ठेवला आणि त्याबरोबर देवमाशालाही आठवणीबाहेर ठेवलं.

मग हा धंदा थांबला कशाने? कुणाला दया आली म्हणून नाही. हिशेब जुळेना म्हणून. तेल घनफुटाला कितीही जास्त उजेड देवो, त्याचा भाव शिकारीवर अवलंबून. हंगाम वाईट गेला की तेल महाग. आणि गॅससाठी मागणी वाढली की ते आणखी महाग. आपल्याच मागणीने आपलाच कच्चा माल महाग होणार, हे भागभांडवल गोळा करताना कुणी मांडलं नसावं. कोळसा मात्र गाडीभर मिळे, आणि गॅस काढून झाल्यावर उरलेला कोक विकून वर पैसे येत. कोळसा की तेल यावर रसायनशास्त्रज्ञांचे जोरदार वाद झाले, पत्रकं निघाली. १८२० चं दशक संपेपर्यंत तेलाच्या गॅसच्या बहुतेक कंपन्या कोळशाकडे वळल्या किंवा विकल्या गेल्या.

कुणी म्हणेल, चला, काही का कारणाने असेना, देवमासा सुटला. थांबा, कोळशाचंही खातं उघडू. तो काढायला जमिनीखाली कोण जात होतं? पुरुष तर होतेच, बायका आणि लहान मुलंही होती. अरुंद बोगद्यातून कोळशाच्या गाड्या ओढायच्या, अंधारात दारं उघडमिट करत बसायचं. ब्रिटनमध्ये बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी आली ती १८४२ च्या कायद्याने. तोवर कितीतरी खोल्यांमधला उजेड त्या पोरांच्या अंधारातून आलेला होता. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. देणं फिटलं नाही, देणारा बदलला.

पुढे खनिज तेल आलं आणि तेलाच्या गॅसला दुसरा जन्म मिळाला. या वेळी रिटॉर्टमध्ये खनिज तेल. बर्लिनच्या युलियस पिंच यांच्या कंपनीने असा गॅस दाबून टाक्यांत भरला आणि आगगाडीच्या डब्यांत दिवे लावले. भारतातल्या रेल्वेच्या डब्यांतही हे पिंचचे दिवे आले. समुद्रातल्या दीपबोयांमध्येही तो गॅस जळू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतच हेर्मान ब्लाऊ यांनी तेलाचा गॅस दाबून द्रवरूप केला आणि बाटल्यांत भरून विकला. जिथे गॅसची नळी पोचत नव्हती अशा घरांसाठी ती सोय होती. मग वीज आली, खनिज तेलातून निघणारा आपला नेहमीचा स्वयंपाकाचा गॅस आला, आणि दिव्यासाठी तेल फोडायची गरज उरली नाही.

आपल्या पिढीने या घराण्याची शेवटची पाती पाहिली आहेत. माझ्या कॉलेजात सायन्सच्या इमारतीमागे गॅस प्लँट म्हणून एक पत्र्याची खोली होती. तिथे तापलेल्या भांड्यात रॉकेल सोडून प्रयोगशाळेच्या बर्नरसाठी गॅस करत. आम्हा कॉमर्सच्या मुलींना तिकडून जाताना नाकाला पदर लावावा लागे. घरातला पंपाचा स्टोव्ह आठवा. पिन मारली, पंप मारला, की तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत. आणि लग्नातली गॅसबत्ती! आपण तिला गॅसबत्ती म्हणत असलो तरी टाकीत असायचं रॉकेलच. वर चढता चढता त्याची वाफ व्हायची आणि मँटल पांढरा फटफटीत पेटायचा. माझ्या लहानपणी वरातीच्या दोन्ही बाजूंना अशा गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालायची. डोक्यावर तापलेलं जड ओझं, कानाशी फुरफुर आवाज, आणि भोवती किडे-पतंगांचा सडा. नवरा-नवरीचे फोटो सगळ्यांच्या घरी आहेत. उजेड डोक्यावर घेऊन चालणाऱ्याचा चेहरा एकाही फोटोत नीट आलेला मला दिसला नाही. सूर्यास्ताआधी जेवा, असं आजी का सांगायची, ते त्या पतंगांकडे पाहिलं की वेगळं समजावून सांगावं लागायचं नाही.

आता त्या ग्रुपवरच्या वाक्याकडे येते. रॉकेल आलं आणि देवमासे वाचले?

रॉकेलमुळे दिव्यात देवमाशाचं तेल जळायचं कमी झालं, हे खरं. पण शिकार संपली नाही. उलट तिचा सर्वात भयंकर काळ पुढे होता. जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली पातळ तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. आपल्याकडचं वनस्पती तूप याच प्रक्रियेचं, फक्त ते वनस्पतीच्या तेलाचं. युरोपात मात्र देवमाशाचं तेल याच रीतीने घट्ट होऊन मार्गारिनमध्ये आणि साबणात जाऊ लागलं. दिव्याची मागणी गेली, पावाला लावायची मागणी आली. आणि शिकारीची साधनंही बदलली. स्फोटक भाले, यंत्राची वेगवान जहाजं, आणि १९२५ पासून अशी जहाजं की अख्खा देवमासा मागच्या उतारावरून वर ओढून समुद्रातच कापता येई. ज्या खनिज तेलाने देवमाशांना वाचवलं म्हणतात, तेच पुढे त्यांचा पाठलाग करणाऱ्या जहाजांच्या पोटात जळत होतं. संशोधकांच्या मोजणीप्रमाणे १९०० ते १९९९ या शंभर वर्षांत सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. हे सगळं त्या मेजवानीच्या चित्रानंतरचं आहे.

थांबलं कधी? आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार बंद करण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून ती बंदी लागू झाली. त्याआधी १९७९ साली आपला हिंद महासागर देवमाशांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. नॉर्वे, आइसलंड, जपान यांनी पुढेही शिकार चालू ठेवली, म्हणजे नियम काही सगळ्यांनी पाळला नाही. तरीही उरलेल्या देवमाशांना जो काही श्वास मिळाला, तो नियमाने मिळाला. स्वस्त पर्याय त्याआधी सव्वाशे वर्षं बाजारात होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वस्ताई दया करत नाही. स्वस्ताई फक्त वाट बदलते. आज ज्या जिवाची गरज नाही त्याला सोडते, उद्या दुसरा उपयोग सापडला की त्याच जिवाकडे परत येते. कुठेतरी कुणीतरी, परवडत असताना आणि मिळत असताना, हे मी घेणार नाही असं म्हणावं लागतं. त्यालाच आपण नियम म्हणतो.

हे मी घरात बोलले तेव्हा सून म्हणाली, "आई, नियम घेणं आपल्याला परवडतं. ज्यांच्या घरी दिवाच नव्हता, त्यांना स्वस्त रॉकेलनेच उजेड दिला ना? त्यांची मुलं त्याच उजेडात शिकली."

तिचं बरोबर आहे. चिमणीच्या उजेडात अभ्यास करून मोठी झालेली माणसं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. स्वस्त उजेड हे गरिबाच्या घरातलं मोठं पुण्यच आहे, आणि ते मी जमेच्या बाजूला ठळक लिहीन. पण ते दुसरं खातं आहे. गरिबाच्या घरी दिवा लागला ही एक नोंद, आणि देवमासा वाचला ही दुसरी. पहिली खरी आहे म्हणून दुसरी आपोआप खरी होत नाही. आणि नियमाचं ओझं गरिबाने आधी उचलावं असं कुणी म्हणत नाही. ज्याच्याकडे निवड आहे त्याने आधी उचलावं. एडिनबरोच्या बंगल्याकडे निवड होती. आज ती तुमच्या-माझ्या घरांकडे आहे.

आणि घरांचे नियम पुढे देशाचे नियम होतात, याचा दाखला आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मिठाईवरचा वर्ख कसा कुटतात हे कळल्यावर आपल्यातल्या कितीतरी घरांनी तो सोडला. काजूकतली चंदेरी नसली तर नसू दे, म्हटलं. वर्ख तेव्हा काही महाग झाला नव्हता, बाजारातून गेलाही नव्हता. पुढे २०१६ साली अन्नसुरक्षेच्या नियमांत, वर्ख करताना प्राण्यांपासून मिळालेली कोणतीही वस्तू वापरू नये, अशी अट आली. आधी बायकांनी डबा परत केला, मग सरकारने कागद काढला.

आपल्या शास्त्रांत श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत कोळशाचा धंदा आहे, दातांचा व्यापार आहे, यंत्राने पिळून काढण्याचं काम आहे. लहानपणी ती यादी पाठ करताना वाटायचं, हे आपल्याशी काय संबंधित, आपण कुठे कोळसा पाडतो? आता वाटतं, ती यादी करणाऱ्यांनी वस्तू घरात कशी येते हे फार बारकाईने पाहिलं होतं. आजच्या जगात आपण यातलं सगळं टाळू शकत नाही. विजेचा दिवा लावला तरी कुठेतरी कोळसा जळतोच. पण टाळता येत नाही म्हणून मोजायचंही नाही, हे बरोबर नाही. व्यापारी उधारी फेडू शकत नसला तरी वहीत लिहून ठेवतो. वहीत लिहिलेलं देणं कधीतरी फिटतं, न लिहिलेलं कधीच नाही.

म्हणून मी घरापुरते तीन प्रश्न ठरवलेत. नवी वस्तू घरात येताना मी ते विचारते. हे किती हवं आहे? हे कशापासून झालंय? आणि माझ्यासाठी हे स्वस्त झालं, तर बाकीची किंमत कोण भरतंय? साबणाच्या वेष्टनावर, मेणबत्तीच्या खोक्यावर, अत्तराच्या बाटलीवर. देवमाशाच्या उलटीची तस्करी पकडली, अशी बातमी कोकण किनाऱ्यावरून वर्षातून दोनदा तरी येते. ती शेवटी सुगंधासाठीच जाते. प्रत्येक वेळी उत्तर मिळतंच असं नाही. दुकानदार कधी कपाळाला आठ्या घालतो, नातू म्हणतो, "आजी, चल ना आता." पण दोन-तीन बायकांनी तोच प्रश्न विचारला की पुढच्या वेळी दुकानदार स्वतःहून खोकं उलटून वाचतो, हे मी पाहिलंय.

उजेडाच्या बाबतीत तर पहिला प्रश्नच पुरे. किती हवा? दिवाळीत गच्चीपासून फाटकापर्यंत लुकलुकणाऱ्या माळा रात्रभर चालू असतात, घरातले सगळे झोपलेले, आणि सकाळी दिव्यांखाली पाखरांचा थर. एलईडीला वीज कमी लागते म्हणून आपण दोनाच्या जागी वीस माळा लावतो. बिल तेवढंच येतं आणि आपण समाधानी. स्वस्ताईने आणखी एकदा वाट बदलली, एवढंच.

चातुर्मास जवळ येतोय. कुणी रात्रीचं पाणी सोडेल, कुणी हिरवी भाजी सोडेल, कुणी एकासन करेल. ज्यांना झेपेल त्यांनी या वर्षी त्यात एक लहान नियम घालावा, असं मला वाटतं. जेवणं आटोपली की गच्चीवरचे आणि बाल्कनीतले दिवे बंद, आणि महिन्यातून एका वस्तूचा उगम शोधून मंडळात सांगायचा. चार महिन्यांत चार वस्तू. वीस बायका असल्या तर ऐंशी. तेवढी वही भरली तरी खूप झालं. तुमची वस्तू कोणती, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.